होकायंत्राच्या पेटीतला कांदा

१

पेटी उघडली आणि आत कांदा निघाला.

चांगला पांढरा, टणक, मुठीत मावेल एवढा कांदा. लाल मखमलीच्या खळग्यात तो इतका नीट बसला होता की कुंदाताईंना क्षणभर हसूच आलं. मग त्यांनी हंसराजभाईंचा चेहरा पाहिला आणि हसू गिळलं.

हंसराजभाई या सुंठीच्या वखारीचे मालक. कच्छहून कोचीला येऊन पिढ्यान्‌पिढ्या मसाल्याचा व्यापार केलेल्या घरातले. पणजोबांच्या गलबतावरचं पितळी होकायंत्र त्यांनी शिसवी पेटीत जिवापाड जपलं होतं. बंदराचा जुना भाग पायी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना ते पेढीवर बसवायचे, सुंठीचा चहा पाजायचे आणि होकायंत्र दाखवायचे. या मंडळींनाही त्यांनी ते थोड्या वेळापूर्वीच दाखवलं होतं. सगळ्यांनी माना लांब करून सुई हलताना पाहिली, फोटो काढले, पेटी बंद होऊन मेजावर राहिली, आणि पेढीवरच्या मुनिमासकट सगळी मंडळी अंगण ओलांडून मागच्या माळ्यावर खाडी बघायला गेली.

नेहमीप्रमाणे पाहुणे खाली उतरून निघून गेले असते, तर पेटी रात्रीपर्यंत कोणी उघडली नसती. पण कुंदाताईंचे यजमान नीळकंठराव पांढरीपांडे जन्मभर यवतमाळला भूगोल शिकवत होते, हे हंसराजभाईंना माळ्यावर कळलं आणि म्हाताऱ्याला भरून आलं.

"मास्टरजी, आप हाथ में लेके देखो," ते खाली येऊन म्हणाले. "मैं किसी को देता नहीं." त्यांनी पेटी उचलली. वजन नेहमीचंच होतं. झाकण उघडलं आणि आत हा कांदा.

हंसराजभाईंनी मुनिमाकडे नुसतं पाहिलं. मुनिमाने रस्त्याकडचा जाड सागवानी दरवाजा लोटून अडसर घातला. बाहेरच्या रिक्षांचा आवाज एकदम बंद झाला. आत उरला तो सुंठीचा तिखट वास आणि घामट उकाडा.

"माझं यंत्र मिळत नाही तोवर इथून कोणी जाणार नाही," हंसराजभाई हिंदीत म्हणाले.

आणि गोची अशी होती की तो कांदा कुठला, हे पाहुण्यांपैकी प्रत्येकाला ठाऊक होतं. असला कांदा त्या गावात मिळत नव्हता. तो थेट यवतमाळ जिल्ह्यातून आला होता.

२

कांद्यांची हकिगत सांगायला हवी.

वऱ्हाडात उन्हाळा लागला की बाहेर पडताना खिशात कांदा ठेवतात. त्यानं ऊन लागत नाही म्हणतात. डॉक्टर हसतात, आणि एप्रिलमध्ये त्यांच्याही खिशात कांदा असतो. केळापूरच्या नलूताई मुनेश्वर, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या बाई, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला निघाल्या, तेव्हा लुगड्यांच्या आधी त्यांनी पांढरे कांदे भरले. मुंबईहून निघालेली क्रूझ गोवा करून सकाळी कोचीला लागली. खाली उतरताना नलूताईंनी सगळ्यांच्या हातावर एकेक कांदा ठेवला.

"आई, इथलं ऊन वेगळं असते," त्यांची मुलगी प्रियंका कानकोंडी होऊन म्हणाली.

"वेगळं कायले असंन? इथं काय सूर्य दुसरा हाय?" नलूताई म्हणाल्या आणि गाईड शीबालाही एक कांदा दिला. शीबा मल्याळी पोरगी. तिने हसत हसत तो घेतला आणि पिशवीत टाकला. उरलेले कांदे नलूताईंच्या पर्समध्ये मावेनात, म्हणून ते नीळकंठरावांच्या खांद्यावरच्या पिशवीत गेले.

मंडळी मोजकीच होती. नलूताई आणि प्रियंका. प्रियंका यवतमाळला खासगी दवाखान्यात नर्स होती आणि सोमवारी सरकारी नोकरीवर रुजू व्हायची होती. रुजू होण्याआधी आईला समुद्र दाखवायचा, असं तिने ठरवलं होतं. पुसदचा अतुल या सहलीचा आयोजक. "पाचला गेट बंद होते, बोट कोणासाठी थांबत नाही," हे वाक्य तो सकाळपासून जपासारखं म्हणत होता. मग नीळकंठराव आणि कुंदाताई. आणि त्यांचा पुतण्या सलील.

सलीलला पुतण्या म्हणायचं ते लोकांसाठी. धाकटे दीर-जाऊ लवकर गेले आणि सलील कुंदाताईंच्या हाताखाली वाढला. स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे घरातलं सगळं कौतुक आयतंच त्याच्या वाट्याला आलं. आता तो नागपूरला असायचा. मोठमोठ्या हॉटेलांना, रिसॉर्टांना जुन्या वस्तूंनी सजवून द्यायचा. ही क्रूझ त्याचीच भेट होती.

फेब्रुवारीत नीळकंठराव न्हाणीत घसरले आणि उजवा हात मोडला. आत स्टीलची पट्टी, वरून प्लास्टर, गळ्यात झोळी. कुंदाताई म्हणाल्या, सहल रद्द करू. सलील ऐकेना. "काकू, हात मोडलाय, डोळे शाबूत आहेत. मी आहे ना त्यांना सांभाळायला." आणि खरंच त्याने सांभाळलं. मुंबईला बोटीवर चढताना तपासणीचं यंत्र नीळकंठरावांच्या हाताशी किंचाळलं, तर सलीलने पुढे होऊन फोनमधला एक्सरे दाखवला. रखवालदाराने हसून सोडलं. गोव्याला पुन्हा वाजलं, पुन्हा एक्सरे, पुन्हा हसणं. कुंदाताई मनाशी म्हणाल्या, पोटच्या पोरानं तरी आणखी काय केलं असतं.

त्या स्वतः यवतमाळच्या कोर्टात शिरस्तेदार होत्या. सगळी नोकरी न्यायाधीशांच्या खाली बसून साक्षी ऐकण्यात गेली. खोटं बोलणारा माणूस त्यांना बसल्या जागी ओळखू यायचा. म्हणजे तो घरातला नसेल तर.

३

"तपासून घ्या सगळ्यांना," सलीलच म्हणाला. "आमचं मन साफ आहे."

मुनिमाने पुरुषांना तपासलं. बायकांना शीबाने तपासलं, आणि मग तिला नलूताईंनी. पर्सा, पिशव्या, खिसे, टोप्या, सगळं झालं. नीळकंठरावांचे खिसे त्यांनी स्वतःच डाव्या हाताने उलटे केले आणि पिशवी मेजावर ओतली. चिवड्याचा डबा, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर आणि उरलेले कांदे. होकायंत्र कुठेच नव्हतं.

मग अतुलला एक गोष्ट सुचली. ती सुचली नसती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे बराच वेळ वाटत राहिलं.

"पेटीतला कांदा आपल्यातलाच हाय," तो म्हणाला. "मंग ज्याच्याजवळ आता कांदा नाही, त्याचाच तो."

सगळ्यांनी आपापले कांदे मेजावर ठेवले. अतुलचा, सलीलचा, नीळकंठरावांचा, कुंदाताईंचा, नलूताईंचा. सकाळपासून घामेजल्या खिशांत लोळून त्यांची पार रया गेली होती. सालं सुटलेली, लोंबकळणारी, खिशाखिशांतून फोलपटं उडालेली. शीबाने पिशवीतून काढलेल्या कांद्यालाही किल्ल्या लागून ओरखडे पडले होते.

प्रियंकाने काहीच ठेवलं नाही.

"तुझा कुठाय वं?" नलूताईंनी विचारलं.

प्रियंकाने कुर्त्याचा खिसा उलटा केला. त्यातून कांद्याची चार फोलपटं खाली पडली. ती आईकडे बघून लगेच दुसरीकडे बघायला लागली.

"नाही माझ्याजवळ," ती म्हणाली.

"मंग गेला कुठं?"

प्रियंकाने खिसा पुन्हा आत ढकलला. हंसराजभाई सावकाश खुर्चीवर बसले. त्यांना आता आठवत होतं आणि ते आठवलेलं बोलून दाखवत होते. सगळे माळ्यावर गेले तेव्हा ही मुलगी एकटी खाली होती.

"माझ्या चपलेचा अंगठा तुटला जिन्यावर," प्रियंका म्हणाली. "मी तिथंच पायरीवर बसून पिन लावून राह्यली होती. मी पेढीत गेलीच नाही."

"त्या वेळी इथे दुसरं कोणी आलं?" हंसराजभाईंनी विचारलं. अतुल इकडचं तिकडे हिंदीत सांगत होता.

"सलीलदादा आलते. पण ते त्याच्या आधी. काकांची बॅग न्यायले."

"हो," सलील शांतपणे म्हणाला. "काकांची बॅग या खुर्चीवर राहिली होती. मी ती घेऊन आलो, काकांना वर चढवलं. काकूंनी पाहिलंय."

कुंदाताईंनी पाहिलं होतं. त्यांनी मान हलवली.

हंसराजभाईंनी कपाळाचा घाम पुसला. गेलं वर्षभर कोणी एक जण रिसॉर्टसाठी हे यंत्र मागत होता, दर महिन्याला फोन करत होता, असं ते सांगू लागले. आपण दर वेळी नाही म्हटलं, कारण ही विकायची वस्तूच नव्हे. "आणि आज एका मुलीनं त्याच्या जागी कांदा ठेवला," ते म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. तो राग नव्हता, माणसाच्या घरातलं कोणी गेलं की असा कापतो.

"बाकीचे जाऊ शकतात. ही मुलगी थांबेल. मी पोलिसांना बोलावतो."

४

मुनिमाने अडसर काढला, पण जागचं कोणी हललं नाही.

नलूताईंनी लेकीचा हात धरला होता. "माही पोरगी चोर नाही," त्या एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि ते मराठीत म्हणत होत्या, त्यामुळे ज्याला सांगायचं त्याला कळत नव्हतं.

प्रियंका रडत नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर सोमवार उभा होता. सरकारी नोकरी म्हणजे पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी. परगावच्या ठाण्यात एकदा नाव लागलं की आपण निर्दोष होतो हे सांगत वर्षं जातात, आणि तोवर जागा दुसऱ्याची होते. कुंदाताईंनी कोर्टात अशी माणसं पाहिली होती. सुटून यायची बिचारी, पण कशावरून सुटली ते कोणी विचारायचं नाही, कशात अडकली होती तेवढंच लोकांच्या लक्षात राहायचं.

"काकू, चार वाजून गेले," सलील हलक्या आवाजात म्हणाला. "आपण निघू. पोलिस बघतील काय ते. बोट चुकली तर काकांच्या गोळ्यासुद्धा वर केबिनमध्ये आहेत."

बरोबर होतं त्याचं. नेहमीच बरोबर असायचं.

निघण्यासाठी नीळकंठराव उठू लागले आणि तेवढ्यात प्रियंका म्हणाली, "काका, झोळी ढिली झाली काय? सकाळी मी पंजा वर बांधला होता. आता कोपर खाली लोंबून राह्यलं. सूज येईन अशानं." आणि एवढ्या सगळ्या गोंधळात, स्वतःवर चोरीचा आळ असताना, सवयीने ती गाठ आवळायला पुढे झाली.

"हात लावू नकोस त्यांना," सलील म्हणाला.

प्रियंका जागच्या जागी थांबली. नलूताईंनी असं मान वळवून पाहिलं की कुंदाताईंना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पिढ्यान्‌पिढ्या 'शिवू नका' ऐकत आलेल्या केळापूरच्या बाईला या वाक्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. कुंदाताईंनाही तोच अर्थ लागला आणि त्यांना आपल्या घराची लाज वाटली.

मग त्यांना वाटलं, पण सलील असा नाही. काहीही असो, असा तो नाही. प्रियंकाने त्याच्यासमोर किती वेळा काकांचा हात बांधला आहे. मग आत्ताच काहून?

त्या पुन्हा खाली बसल्या. "हंसराजभाई," त्या हिंदीत म्हणाल्या, "पोलिसांना फोन करण्याआधी मला थोडं विचारू द्या. मी कोर्टातली बाई आहे."

५

आधी त्यांनी प्रियंकाला कोपऱ्यात सुंठीच्या पोत्यांमागे नेलं.

"कांद्याचं काय केलंस? खरं सांग. मी कोणाला सांगणार नाही."

"फेकला, काकू." प्रियंकाने खाली पाहिलं. "सकाळी त्या मासे धरायच्या चिनी जाळ्यांपाशी, पाण्यात. एवढे फॉरेनर होते तिथं, सगळे नटूनथटून. अन् माझ्या खिशात कांदा वास मारून राह्यला. मले लाज वाटली. आईले नका सांगू, तिनं कौतुकानं देल्लता."

कुंदाताईंना हसावं की रडावं कळेना. पोरगी आईचं मन मोडू नये म्हणून चोर ठरायला तयार होती.

त्या मेजाशी परत आल्या आणि तिथले कांदे बघत बसल्या. बघणाऱ्यांना वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. एका बाजूला खिशांतले कांदे, सगळे उसवलेले. जमिनीवर प्रियंकाच्या खिशातली फोलपटं. आणि पेटीतला तो कांदा. तो त्यांनी उचलून उजेडात धरला. साल अख्खं होतं. कुठे सुरकुती नाही, ओरखडा नाही. खालची मुळंसुद्धा जशीच्या तशी. घरून आणला तेव्हा होता तसाच कोरा करकरीत.

हा कोणाच्या खिशात गेलेलाच नव्हता.

पिशवीतून ओतलेले उरलेले कांदे तिथेच होते. त्यांनी त्यांतला एक शेजारी ठेवला. जुळी भावंडं दिसावीत तसे ते दिसत होते. म्हणजे प्रियंकाचा कांदा पाण्यात गेला, तो गेलाच. पेटीतला कांदा नीळकंठरावांच्या पिशवीतून आला. आणि पिशवी सकाळपासून नीळकंठरावांच्या खांद्यावरून एकदाच उतरली, इथे, या खुर्चीवर.

पुढचा विचार त्यांना करायचा नव्हता. पण कोर्टात एकदा एक प्रश्न विचारला की दुसरा आपोआप उभा राहतो. पिशवी इथे असताना पेढीत एकटं कोण होतं? सगळे बाहेर पडले, जिन्यापाशी नीळकंठरावांना पिशवी आठवली, सलील धावत परत गेला. तो पिशवी घेऊन आला, तेव्हा प्रियंका त्यांच्या पुढे पायरीवर चढत होती. चपलेचा अंगठा त्यानंतर तुटला. ती एकटी खाली राहिली तेव्हा पिशवी माळ्यावर होती, कांदे माळ्यावर होते. तिला हा कोरा कांदा मिळणं शक्यच नव्हतं.

तो फक्त एकालाच मिळू शकत होता.

त्यांनी अतुलचा फोन मागून घेतला. सकाळचा फोटो काढायला लावला, चर्चपुढचा. नीळकंठराव मधोमध, प्लास्टरचा पंजा शर्टाच्या खिशाला टेकलेला, झोळी कशी आटोपशीर. मग माळ्यावरचा फोटो. खाडी, खिडकी, हसणारे नीळकंठराव. कोपर वीतभर खाली आलेलं.

होकायंत्र कुठे आहे, हे कुंदाताईंना कळलं होतं. आणि ते बोटीच्या तपासणीतून कसं जाणार होतं, तेही. हातातल्या स्टीलच्या पट्टीनं मुंबईला तपासणीचं यंत्र वाजलं, तसंच वाजलं असतं. गोव्याला रखवालदार हसले तसे हसून सोडलं असतं.

दरवाजा उघडा होता. अतुल घड्याळ दाखवत होता. आत्ता गप्प बसलं, तर यंत्र नीळकंठरावांबरोबर बोटीवर जाईल, रात्री सलील प्रेमाने काकांची झोळी बदलेल आणि कोणाला काही कळणार नाही. घर घरासारखं राहील. फक्त केळापूरची एक मुलगी मागे राहील. कोर्टात लेकरांसाठी खोटं बोलणाऱ्या आया त्यांनी कितीतरी पाहिल्या होत्या आणि मनातून त्यांना नावं ठेवली होती. त्यांचे चेहरे तसे का असायचे, ते आज समजलं. तिथे पळायला वाटच नसते.

सलील त्यांच्याकडे पाहत होता. त्यालाही समजलं होतं. त्याने अगदी थोडी, कोणाला दिसणार नाही इतकी मान हलवली. नको, काकू.

६

"प्रियंका," कुंदाताई म्हणाल्या, "काकांची झोळी सोड. आणि सगळ्यांसमोर सोड."

"काकू, त्यांना दुखेल," सलील म्हणाला.

"तिला कळतं किती दुखेल ते. तू बाजूला हो."

नीळकंठराव गोंधळून बायकोकडे बघत होते. प्रियंकाने मानेमागची गाठ सोडली, प्लास्टरचा हात एका हाताने तोलून धरला आणि दुसऱ्या हाताने झोळी खाली घेतली. कोपराच्या खोलगट कोपऱ्यात पितळ चमकलं. हंसराजभाईंच्या तोंडून आवाज निघाला, शब्द नाही.

"हे… हे माझ्याजवळ कसं?" नीळकंठराव म्हणाले. "कुंदा, मी नाही गं."

"तुम्ही नाही. प्लास्टरच्या बाहेरून तुम्हाला काय कळणार." कुंदाताईंनी सगळं सांगितलं. कांद्याच्या सालापासून सुरुवात केली आणि कुठेही न थांबता जिन्यापर्यंत आल्या. आवाज कोर्टात तारखा पुकारायच्या तसा कोरडा होता. हंसराजभाईंसाठी अतुल हळूहळू हिंदीत सांगत होता. "काकांना जिना चढवताना याने कोपराखाली हात दिला. मी मागेच होते. मला वाटलं, किती जपतो. स्वतःच्या खिशातला कांदा त्याने वापरला नाही, कारण मोजणी झाली तर त्याचा कमी पडला असता. म्हणून पिशवीतला घेतला. पेटीचं वजन भरायला दुसरं काही हाताशी नव्हतं. कांदा खिशात ठेवला की त्याचं काय होतं, हे तो नागपूरच्या एसीत बसून विसरला."

"आणि तो महिन्याला येणारा फोन?" अतुलने विचारलं.

"ते त्यालाच विचार."

सलीलने नाही म्हटलं नाही. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता आणि लहानपणी रागावल्यावर बघायचा तसा जमिनीकडे बघत होता. "फोन मीच करायचो. रिसॉर्टवाल्या एका मोठ्या माणसाला शब्द दिला होता, काकू," तो म्हणाला. "हंसराजभाईंना म्हातारपणी ते नुसतं पेटीतच ठेवायचं होतं. मी तुम्हाला काही होऊ दिलं नसतं."

"आणि हिला?"

सलीलने खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

नीळकंठराव पुतण्याकडे बघत म्हणाले, "म्हणून तू सहल रद्द करू दिली नाहीस. हात मोडला म्हणूनच."

तेवढंच बोलले. ते ऐकून सलील पहिल्यांदा रडला, आणि कुंदाताईंनी त्याच्याकडे जायचं म्हणून उचललेलं पाऊल परत घेतलं. त्यांना फार वाईट वाटत होतं. इतकं वाईट त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"मी वकील बघेन," त्या म्हणाल्या. "रात्री फोन करेन. पण आज तू इथेच थांब."

हंसराजभाईंनी उठून प्रियंकासमोर हात जोडले. तिने ते घाईघाईने खाली केले. मग म्हाताऱ्याने होकायंत्र पुसलं आणि जे करायला पेटी उघडली होती ते पुरं केलं. नीळकंठरावांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. मास्तरांनी ते पाहिलं. सुई काही ठरेना. त्यांनी ते परत दिलं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर प्रियंका आईला म्हणाली, "आई, तो कांदा मी फेकलता. समुद्रात. मले लाज वाटली."

नलूताईंनी पर्स उघडून आपला अर्धा सोललेला कांदा लेकीच्या खिशात कोंबला. "आता फेकून पाय," त्या म्हणाल्या. या वेळी प्रियंकाने खिशावर हात ठेवला आणि बोटीपर्यंत तो तसाच ठेवला.

गेट बंद व्हायला आलं होतं. एकेक जण तपासणीच्या चौकटीतून पलीकडे गेला. नीळकंठराव गेले आणि यंत्र किंचाळलं. रखवालदाराने प्लास्टर पाहिलं, ओळखीचं हसला आणि हात हलवला. "जाइए, बाबूजी, जाइए."

नीळकंठराव हलले नाहीत. एक्सरे दाखवायला शेजारी कोणी नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने स्वतःच गळ्यातली झोळी सोडली, आतबाहेर उलटी केली आणि त्याच्यापुढे धरली. मागे रांग खोळंबली. रखवालदाराने संकोचून झोळी चाचपली, प्लास्टरवरून बोटं फिरवली.

"कुछ नहीं है, बाबूजी."

"मालूम है," नीळकंठराव म्हणाले. "लेकिन देखा करो."